शेजारचा बर्नर बंद केला म्हणून आच वाढत नाही

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही तो कधी ना कधी आला असेल. आयुष्य म्हणजे चार बर्नरची शेगडी: एक कुटुंबाचा, एक मित्रांचा, एक तब्येतीचा, एक कामाचा. यशस्वी व्हायचं तर एक बर्नर बंद करावा लागतो. फार यशस्वी व्हायचं तर दोन. भाचा चोवीस वर्षांचा, हिंजवडीत पहिलीच नोकरी. खाली त्याने स्वतःचं लिहिलं होतं, "दोन वर्षं मित्र आणि तब्येत बंद. मग बघू." सहा जणांनी अंगठे दिले, त्यात त्याची आईही होती. मला तो अंगठा देववला नाही.

मी बारा वर्षं डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते. माझा दिवस शेगडीपुढे जातो, म्हणून उत्तर शेगडीपासूनच सुरू करते.

"गॅस एकच असतो, एक बर्नर बंद केला की बाकीच्यांना जास्त मिळतो." सगळा मेसेज या एका वाक्यावर उभा आहे, आणि ते चूक आहे. घरी करून बघा. दोन बर्नर पेटवा, एक बंद करा. दुसऱ्याची ज्योत होती तेवढीच राहते. रेग्युलेटर दाब धरून ठेवतो आणि बर्नरखालच्या पितळी जेटला जेवढं भोक, तेवढाच गॅस वर येतो. सिलिंडर थोडे दिवस जास्त पुरेल, पण उसळ काही लवकर शिजणार नाही. माणसाचंही तसंच होतं. भाच्याने शनिवारी मित्रांबरोबर सिंहगडावर जाणं बंद केलं, तर तो शनिवार आपोआप कामाला लागत नाही. बहुतेक वेळा तो फोनमध्ये जातो.

माझ्या आजीच्या चुलीला वैल होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: वैल म्हणजे चुलीला बाजूने जोडलेलं दुसरं तोंड. पुढे भाकरी भाजली जायची आणि तोच जाळ आतून वैलाकडे जाऊन आमटी रटरटत ठेवायचा. लाकूड एक, कामं दोन. वैल लिंपून बंद केला असता तरी भाकरी काही लवकर झाली नसती, फक्त आमटी गार राहिली असती. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा करायची पद्धत बसवली आणि त्यावर चालणारा 'सराई' कुकर काढला. साधारण १०० ग्रॅम कोळशात वाफेवर पाच माणसांचा भात, वरण, भाजी एकदम होते. तिथे कोणी 'वरण हवं की भात' असं विचारत बसलं नाही. वाया जाणारी वाफ कुठे जाते, हे शोधलं.

माझाही एक वैल आहे. मैत्रीण खानावळ चालवते. आम्ही दोघी पहाटे पावणेसहाला चालत मंडईत जातो, भाव करतो, घरचं बोलतो, एकमेकींची उधारी ऐकतो. या पाऊण तासात कुठला बर्नर पेटलेला असतो, ते मेसेज लिहिणाऱ्याने मला सांगावं.

"तब्येतीचा बर्नर तात्पुरता बंद ठेवता येतो." भाच्यासाठी मला सगळ्यात काळजी या वाक्याची वाटते. तब्येत हा बर्नर नाहीच, तो सिलिंडर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. दीर्घ तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा त्यांचा हिशोब आहे. हे दुखणं कामाच्या वर्षांतच दिसतं असं नाही, अनेकांना ते पुढे गाठतं. 'दोन वर्षांनी बघू' म्हणणाऱ्याला दोन वर्षांनी काही दिसणारही नाही, आणि तो आणखी दोन वर्षं वाढवेल.

"जास्त तास म्हणजे जास्त काम." पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायकांनी किती तास काम केलं आणि किती माल काढला, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेंकावेल यांनी २०१४ मध्ये त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याला ५० तासांच्या आसपासपर्यंत तास वाढले तसा माल वाढत होता, पुढे वाढ मंदावली. ७० तासांत निघालेला माल ५६ तासांतल्या मालापेक्षा फारसा वेगळा नव्हता. म्हणजे वरचे चौदा तास बाई यंत्रापुढे उभी होती, दमत होती, आणि हाती जवळजवळ काही लागत नव्हतं. रविवारची सुट्टी न मिळाल्याचाही उत्पादनावर वाईट परिणाम दिसला.

या रविवारापाशी जरा थांबते, कारण तो आपल्याकडे कोणी मांडला ते विसरून चालणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या होत्या रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. लोखंड्यांनी कामगारांना 'पोट की विश्रांती, एक निवडा' असं सांगितलं नाही. दोन्ही मागितलं, आणि सहा वर्षं मागत राहिले.

"मोठी माणसं अशीच झाली." काही झाली असतील. पण डॉ. जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर होते आणि नाटक-सिनेमाही करत होते. डॉ. मोहन आगाशे पुण्यात मनोविकारशास्त्र शिकवत होते आणि रंगमंचावर उभे राहत होते. इरावती कर्वे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या, डेक्कन कॉलेजात संशोधन केलं, गावोगाव हिंडल्या, मराठीत लिहिलं आणि तीन मुलं वाढवली. त्यातले एक ते सराई कुकरवाले आनंद कर्वे. मात्र इरावतीबाईंच्या मागे पती दिनकर कर्वे ठामपणे उभे होते. तेवढं वगळून त्यांची गोष्ट सांगितली, तर ती अर्धीच सांगितली असं होईल.

आणि नेमकं हेच मेसेजमध्ये नाही. कुटुंबाचा बर्नर 'बंद' होत नसतो. पोराला ताप येतोच, सासऱ्यांची औषधं आणावीच लागतात. यशस्वी माणूस तिथून उठतो तेव्हा दुसरं कोणीतरी तिथे उभं राहतं. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. ज्याला हा मेसेज पटतो, त्याने आपला बंद बर्नर कोण सांभाळतंय, ते नाव एकदा कागदावर लिहावं.

"एक ना धड, भाराभर चिंध्या." मेसेजखाली माझ्या थोरल्या दिरांनी हे लिहिलं. भाऊजींचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. दिवस चोवीस तासांचाच असतो. वडील कणकवलीला अंथरुणाला खिळलेले आणि नोकरी पुण्यात, अशा वेळी दोन्ही पुरतं साधत नाही, त्याचं दुःख खरंच असतं. वाट्टेल तेवढी कामं अंगावर घेतली तर चिंध्याच होतात. पण काही दिवस एक भांडं मंद आचेवर ठेवणं वेगळं आणि ते कायमचं उतरवून ठेवणं वेगळं. पुरणाची डाळ शिजतेय तोवर कणीक भिजते, त्याला कोणी चिंध्या म्हणत नाही.

माझी मुलगी चार वर्षांची असताना मी एका कंपनीत अकाउंट्सला होते. साहेब म्हणाले, "नोकरी की मुलगी, एकदा काय ते ठरवून टाका." मी दोन रात्री रडले आणि राजीनामा दिला. खूप वर्षांनी लक्षात आलं, माझं काम सहा तासांचं होतं. उरलेला वेळ साहेब निघेपर्यंत बसून काढायचा. व्हाउचर सकाळी आठला चढवायला घेतली असती तर दोनला मी मोकळी झाले असते. दोनांतलं एक उचलायचं म्हटल्यावर तिसरा प्रश्न सुचतच नाही. त्यांना सुचला नाही. मलाही नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आमच्याकडची पोळ्या लाटणारी बाई "ताई, मुलाची शाळा साडेबाराला सुटते, मला काम सोडावं लागेल" म्हणाली, तेव्हा मी वही काढली. तासाला साठ पोळ्या तिचा हात लाटतो, ती गेली असती तर मी अडले असते. आम्ही पाचजणींनी बसून कुठलं काम हलतं आणि कुठलं हलत नाही ते लिहिलं. पोळ्या ताज्याच हव्यात, त्या हलत नाहीत. भाजी चिरणं हलतं, डबे भरणं दुसरीकडे जातं. आता ती सातला येते, बारापर्यंत फक्त पोळ्या लाटते आणि निघते. भाजी आदल्या संध्याकाळी चिरून ठेवतो. याची किंमत मोजली नाही असं नाही. आदल्या दिवशी चिरलेली मेथी काळी पडते, म्हणून पालेभाजी आता फक्त शनिवारी, तिच्या मुलाला सुट्टी असते तेव्हा. सुरुवातीला तक्रारी आल्या, एक गिऱ्हाईक तुटलं. बाकीचे राहिले.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, ऑफिसात वही काढून बसता येत नाही." त्याचं तेही खरं आहे. त्याच्या साहेबाला काय विचारायचं, कधी विचारायचं, ते आम्ही दोघं अजून ठरवतोय. तोवर त्याने एक शनिवार परत घेतलाय.

येत्या जूनपासून त्या बाईच्या धाकट्याची शाळा दुपारची होतेय. मंगळवारी डबे गेले की आम्ही पाचजणी पुन्हा वही घेऊन बसणार आहोत.