सासूबाईंच्या मदतीवरील आक्षेपाला उत्तर

ताई, बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपण लिहिता, "सासूला फुकटची आया करून तुम्ही बढती मिळवलीत, त्याला जिद्द म्हणू नका. माझ्या सुनेने नोकरी सोडली, तिचे काही अडले नाही. आणि सव्वीस आठवड्यांचे कौतुक ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला सांगा." मतभेदाला माझी ना नाही. परंतु ज्या घराचा उंबरा आपण कधी ओलांडला नाही, त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला 'फुकटची आया' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

एक गोष्ट मान्य करते. २६ आठवड्यांची रजा पहिल्या दोन अपत्यांपुरतीच असते, त्यापुढे ती १२ आठवडे होते, हे लेखात यायला हवे होते. ऊसतोड करणाऱ्या बायांचा प्रश्न गंभीरच आहे. मात्र माझा लेख वाळूजच्या कारखान्यातल्या नोकरीविषयी होता, आणि ऊसतोडीचा विषय स्वतंत्रपणे लिहिण्याचा आहे.

आता सासूबाईंविषयी. रजा संपत आली तेव्हा मी राजीनामा लिहून ठेवला होता. त्यांनीच परभणीहून फोन करून सांगितले, "लेकराला मी बघते, तू जाय कामावर." मी त्यांना बोलावले नव्हते. कारखान्यात स्टोअररूममधल्या खोक्यांच्या आडोशाला बसून मी दूध काढत असे. दाराला आतून कडी नव्हती, म्हणून प्रयोगशाळेतली एक सहकारी बाहेर उभी राहायची. काढलेले दूध बाहेर चार तास टिकते हा नियम पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे ते बर्फाच्या पिशवीतून घरी न्यावे लागे. सासूबाई प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून तीवर वेळ लिहीत, आधीचे दूध आधी काढत, वाटी कोमट पाण्यात ठेवून चमच्याने पाजत. दूध गॅसवर तापवायचे नाही, हे त्यांनी डॉक्टरांना स्वतः विचारून घेतले होते. नातवासाठी इतक्या बारकाईने झटणाऱ्या आजीचा आपण एका शब्दात निकाल लावलात, याचे मला फार वाईट वाटले.

आयाचा हिशेब मांडायचाच असेल तर तो मालकांकडे मांडावा. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर, पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचे, असा कायदा आहे; मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या देण्याची तरतूद तर मूळ १९६१च्या कायद्यापासूनच आहे. आमच्याकडे माणसे पन्नासाहून कितीतरी जास्त होती आणि पाळणाघर नव्हते. कंपनीने करायचे ते काम एका आजीने केले, आणि आपण दोष लावलात तो तिच्या सुनेला.

मी हे ऐकीव लिहीत नाही. माझी आई अंगणवाडी सेविका होती; धाकट्या भावाला तिने अंगणवाडीच्याच खोलीत झोळीत निजवून गावची पोरे सांभाळली, आणि तेव्हाही आपल्यासारख्याच कोणीतरी तिला आईपण शिकवले होते. ते ऐकत मी मोठी झाले आहे.

आपल्या सूनबाईंचे काही अडले नाही, हे त्यांनी स्वतः लिहिले असते तर मी निमूटपणे मानले असते. त्यांच्या वतीने आपण लिहिलेले मानणार नाही. आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. मात्र सासूबाईंविषयी यापुढे काही लिहायचे झाल्यास आधी त्यांच्याशी बोलावे. त्या हे सारे वाचतात, आणि आपली प्रतिक्रिया माझ्याआधी त्यांनीच वाचली होती.