98 चौरस किलोमीटर, पण राहायचं कुठे?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हाचं मुख्य बेट 98 चौरस किलोमीटरचं, माणसं जेमतेम अडीचशे. 1961 साली लाव्हा गावाला भिडला, तरी गाव दुसऱ्या टोकाला न्यायचं सोडून लोक त्याच जागी परतले, हा निव्वळ हट्ट. आणि मी त्या हट्टाचे गोडवे गातो. गोडव्यांचं सोडा. 98 हा आकडाच इथे फसवा आहे.

हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच ज्वालामुखी. रुंदी साधारण 12 किलोमीटर आणि माथा 2,062 मीटर, म्हणजे कळसूबाईहून चारशे मीटर उंच. लाटांनी किनारा इतका खाल्लाय की बहुतेक बाजूंना सरळसोट कडेच उभे आहेत. सपाट जमीन उरलीय ती कड्यांच्या पायथ्याशी, तुकड्यातुकड्यांनी. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा वायव्येला. गाव तिथेच, आणि तीनेक किलोमीटरवरची बटाट्याची शेतंही त्याच पट्टीत. दक्षिणेला स्टोनी बीचला गुरं चरतात, पूर्वेला सँडी पॉइंटला सफरचंदाची झाडं आहेत. पण तिथे होडीने जायचं, तेही समुद्र जाऊ देईल तेव्हा.

बरं, हलवलं गाव. मग ज्वालामुखी सुटला का? 1961चा उद्रेक माथ्यावर झालाच नाही. गावाच्या शेजारी जमीन फुगली आणि फाटली. अशी जुनी तोंडं डोंगराच्या अंगावर इतरत्रही आहेत. पुढचं सँडी पॉइंटला फुटणार नाही याची हमी कोण देणार?

शेजारच्या बेटांवर जा, असं तुम्ही म्हणाला नाहीत ते बरं. इनअ‍ॅक्सेसिबल बेटावर दोन जर्मन भाऊ 1871 मध्ये सील प्राण्यांची शिकार करून पैसा करायला उतरले होते. 1873 मध्ये चॅलेंजर जहाजाने त्यांची सुटका केली.

आणि लाव्हाने नेमकं काय नेलं? घरं जवळपास सगळी वाचली. गेला तो मासळीचा कारखाना आणि होड्या लावायचा किनारा. उद्रेकानंतर सगळ्यांना इंग्लंडला हलवलं होतं; तिथे राहून, तिथल्या सोयी अनुभवून लोकांनी मतदान केलं: परतायच्या बाजूने 148, विरोधात 5. त्याआधी शास्त्रज्ञांचं पथक बेट पाहून आलं होतं. याला हट्ट म्हणायचं?

नवं बंदर नंतर बांधलं, पण ते इतकं लहान आणि उघडं आहे की केपटाउनहून आठवडाभर प्रवास करून आलेलं जहाजही समुद्र खवळला की बाहेरच ताटकळतं. टीका करायची तर त्या बंदरावर करा, मी तुमच्या बाजूने आहे.