पाच हवामान विभाग आणि एकच नकाशा

नागपूरचा उन्हाळा काल सुरू झालेला नाही. मे महिन्यात ४५ अंश ही इथे बातमी नसते आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, दरवर्षी ठरल्या वेळी हजर होतो. तरीही याच शहरात, अलीकडेच बांधलेल्या आणि जिम, क्लब हाउस, सीसीटीव्ही यांनी सजवलेल्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला, तर ती कोमट नव्हे, चांगली गरम लागते. याबद्दल बिल्डरच्या कार्यालयात विचारायला गेलो, तर तिथला तरुण अत्यंत विनयाने म्हणाला, ‘‘सर, नागपूर आहे, गरम तर होणारच ना!’’ इमारत नागपुरात होणार आहे ही गोष्ट नकाशा काढण्याच्या दिवशीही ठाऊक होतीच की! मग त्या नकाशात नागपूर कुठे आहे, एवढाच माझा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मला आजपर्यंत मिळालेले नाही.

या देशात यासाठी नियम नाहीत, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा आहे. त्याखाली ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला, व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये संहिता आली, ती २०१७ मध्ये सुधारली गेली, आणि घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ २०१८ च्या डिसेंबरात जाहीर झाली. तिचा दुसरा भाग २०२१ मध्ये आला आणि २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली. या संहितेत देशाचे पाच हवामान विभाग केलेले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. नागपूर संमिश्र विभागात येते, कारण इथे उन्हाळा भाजून काढतो, पावसाळा घामाने भिजवतो आणि डिसेंबरात रजई लागते. म्हणजे दिल्लीत बसलेल्या माणसांनाही नागपूर म्हणजे काय ते कळलेले आहे. कळलेले नाही ते फक्त नागपुरात बांधणाऱ्यांना.

आता छताचे पाहा, कारण माझ्या डोक्यावर तेच आहे. संहिता म्हणते की छतातून आत झिरपणाऱ्या उष्णतेचे माप, ज्याला यू-मूल्य म्हणतात, ते १.२ पेक्षा जास्त नसावे, आणि ही अट पाचही विभागांना सारखी लागू आहे. नुसत्या १५० मिलिमीटर काँक्रीटच्या स्लॅबचे हे मूल्य चारच्या आसपास भरते, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. आमच्या टेरेसवर स्लॅब आहे, वॉटरप्रूफिंग आहे, त्यावर चायना मोझॅक आहे, आणि उष्णता अडवणारा थर म्हणून काहीही नाही. वास्तविक त्या स्लॅबवर एक इंच जाडीचे एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीनचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमचे, शीट टाकले असते, तरी यू-मूल्य एकच्या जवळपास उतरले असते. एक इंच! लॉबीत इटालियन संगमरवर घालायला ज्याचे हात आखडले नाहीत, त्याला हा एक इंच महाग पडला. लॉबीचा फोटो माहितीपत्रकात छापता येतो आणि मोझॅकखालच्या शीटचा येत नाही, एवढाच काय तो हिशेब.

भिंतींची कथा याहून संतापजनक आहे, कारण तिथे वेग हाच एकमेव देव मानला गेला आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत, ज्याला साइटवर सगळे ‘मायवान’ म्हणतात, अख्ख्या मजल्याच्या भिंती काँक्रीटमध्ये एकदम ओतल्या जातात आणि काही दिवसांत पुढचा मजला सुरू होतो. बांधणाऱ्याचा कर्जावरचा व्याजाचा भार हलका होतो, हे मला मान्य आहे. परंतु दीडशे-एकशेसाठ मिलिमीटरची ती काँक्रीटची भिंत उष्णतेला अडवत नाही. दिवसभर ऊन पिऊन घेते आणि आपण झोपायला आलो की सावकाश ते आत सोडते. काँक्रीटमधून उष्णता एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट-विटेच्या, आठ-नऊ पट सहज वाहते. काँक्रीटच्या भिंती वापरू नका, असे संहिता कुठेही म्हणत नाही. ती एवढेच सांगते की भिंती आणि खिडक्या मिळून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त असू नये. ते कसे साधायचे, हे बांधणाऱ्यावर सोडलेले आहे: बाहेरून इन्सुलेशन लावा, खिडक्यांवर सावली द्या, काच बरी निवडा, तोंड फिरवा. यांतले एकही न करता, तीच उघडी भिंत पश्चिमेला वळवून, तिच्यात भिंतभर काच बसवून त्याला ‘सनसेट व्ह्यू’ म्हणत जादा पैसे घेण्याची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला एक मे महिना त्या खोलीत फुकट राहायला द्यावे.

छज्जा नावाची गोष्ट तर शहरांतून हद्दपारच झाली आहे. एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचा दर्शनी चेहरा, सपाट आणि चकचकीत दिसले पाहिजे ना! छज्जा नसल्यामुळे उन्हाळ्यात ऊन थेट आत येते आणि पावसाळ्यात पाणी स्लाइडिंगच्या ट्रॅकमधून आत येते, म्हणजे एकाच कंजुषीचा त्रास दोन ऋतूंत वाटून मिळतो.

खिडक्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. संहितेत घराच्या कार्पेट क्षेत्राच्या प्रमाणात किती जागा प्रत्यक्ष उघडणारी हवी, हे विभागवार सांगितले आहे. उष्ण-दमट मुंबई-कोकणात ती कार्पेटच्या एक षष्ठांश हवी, संमिश्र नागपुरात साडेबारा टक्के, उष्ण-कोरड्या सोलापुरात दहा टक्के, आणि थंड विभागात त्याहून कमी. म्हणजे ६४ चौरस मीटरच्या घराला नागपुरात ८ चौरस मीटर उघडी जागा लागेल. यातला ‘उघडणारी’ हा शब्द नीट वाचावा. दोन पल्ल्यांची स्लाइडिंग खिडकी कितीही मोठी दाखवा, उघडते ती निम्मीच, आणि त्या निम्म्यावरही डासांची जाळी असते. जुन्या घरांतल्या दोन्ही पल्ले सताड उघडणाऱ्या लाकडी खिडक्या आकाराने लहान होत्या, पण वारा अख्खा आत घेत होत्या.

त्यातही विदर्भाच्या माणसाची खास अडचण निराळीच आहे. आमच्याकडे उन्हाळ्याचा मुकाबला एसीने नव्हे, कूलरने होत आला आहे. खिडकीबाहेर स्टँडवर कूलर, त्याला पाण्याने भिजणाऱ्या ताट्या, आणि समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला दुसरी खिडकी. कोरड्या हवेत हे यंत्र अत्यंत थोड्या विजेवर घर थंड करते, आणि एप्रिल-मे महिन्यांतली आमची हवा त्याच्यासाठीच जणू बनलेली आहे. नव्या इमारतीत मात्र कूलर लावायला जागाच नाही. खिडकीबाहेर स्टँड ठोकायला बंदी, कारण एलेव्हेशन बिघडते. घर एकाच बाजूने उघडे, त्यामुळे आलेली ओली हवा बाहेर जाणार कुठून? घरात कूलर ठेवला की तासाभरात कपाटातले कपडे ओलसर लागतात. म्हणजे आधी तापणारी भिंत द्यायची, मग स्वस्त उपाय बंद करायचा, आणि प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट काढून दिल्याचे ‘ॲमेनिटी’ म्हणून मिरवायचे. एसीचे बाहेरचे युनिट ठेवायला जी अरुंद डक्ट दिली आहे, तिथे खालपासून वरपर्यंतची सगळी युनिटे गरम हवा एकमेकांच्या तोंडावर फेकतात आणि सर्वांत वरच्याला सगळ्यांची मिळून मिळते. तो सर्वांत वरचा मी.

हा केवळ एका बिल्डरचा दोष असता तर मी इतका चिडलो नसतो. सोलापूरला मेव्हण्याचे घर पाहिले, पनवेलला भाच्याचे पाहिले, पुण्यात मित्राचे पाहिले: तोच दोन बेडरूमचा नकाशा, तीच स्लाइडिंग, तीच कोरडी बाल्कनी, तोच उघडा स्लॅब. एकाच इमारतीतल्या दोन विंग एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, त्यामुळे एका विंगेत पूर्वेला असलेली बेडरूम दुसरीत बिनदिक्कत पश्चिमेला जाते आणि कोणालाही त्याचे काही वाटत नाही. सोलापूर-मराठवाड्यात माळवदाची, म्हणजे जाड मातीच्या सपाट छताची, घरे होती आणि कोकणात उतरत्या कौलांची, तेव्हा कुठल्याही ब्यूरोने विभाग पाडून दिले नव्हते. मला मातीचे घर नको आहे, लिफ्ट मलाही हवी आहे. परंतु जे शहाणपण बिनशिकलेल्या गवंड्याला होते, ते संगणकावर उन्हाचा कोन काढू शकणाऱ्यांना का नसावे?

संहितेलाही मी सोडणार नाही. तिच्या शहरांच्या यादीत पुणे उष्ण-दमट गटात आहे, म्हणजे मुंबई आणि रत्नागिरीच्या पंगतीला. एप्रिलमधली पुण्याची कोरडी दुपार आणि गार रात्र अनुभवलेल्या माणसाने यावर काय बोलावे? शिवाय संहितेचा पहिला भाग ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे, म्हणजे गल्लीबोळांतल्या छोट्या प्लॉटवर उठणाऱ्या असंख्य चारमजली इमारती त्यातून आपोआप सुटतात. व्यापारी इमारतींची संहिता १०० किलोवॉट जोडभारापासून पुढे लागते. मोठा मॉल कागदोपत्री तरी तपासला जाईल, आणि ज्या घरात माणसे रात्र काढतात त्याचे काय ते आपले आपण बघावे.

सर्वांत मोठी फसवणूक अंमलबजावणीत आहे. संहिता केंद्राची, ती राज्याने आपल्या नियमांत आणायची, आणि तपासायची स्थानिक संस्थेने. या तीन पायऱ्यांच्या मध्ये नियम कुठे गळून पडतो ते कोणालाच दिसत नाही. बांधकाम परवानगीच्या फायली करणाऱ्या एका आर्किटेक्ट मित्राला मी विचारले, तेव्हा तो हसलाच. एफएसआयचा तक्ता लागतो, पार्किंगचा लागतो, अग्निशमनाची ना-हरकत लागते, पावसाचे पाणी जिरवण्याचा खड्डा लागतो; भिंतीतून किती उष्णता येते याचा कागद त्याच्याकडे आजवर कोणी मागितलेला नाही, असे तो म्हणाला. आणि समजा मागितला, तरी तो नकाशावर मोजलेला आकडा असेल. प्रत्यक्षात काच तीच बसली का, ब्लॉक तोच आला का, हे भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी कोण पाहणार?

चाळीस हजारांचा एसी घेतला तर त्यावर ताऱ्यांचे लेबल असते, वर्षाला किती युनिट वीज खाणार हे छापलेले असते, आणि ते नसेल तर तो दुकानात विकता येत नाही. ज्या ऐंशी लाखांच्या घरात तो एसी लावायचा, त्या घराला मात्र कोणत्याही लेबलाची सक्ती नाही. महारेरामुळे कार्पेट किती हे आता नीट कळते, ही चांगलीच गोष्ट झाली. त्याच पानावर छताचे यू-मूल्य आणि भिंतींचा तो १५ वॉटचा हिशेब छापायला लावायला काय हरकत होती? विकणाऱ्याला खर्च, भोगणाऱ्याला बिल, अशी वाटणी असताना विकणारा आपणहून एक इंच शीट टाकेल, ही अपेक्षा कोणत्या शहाण्याने केली असेल?

बिलाचे तर बोलूच नये. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. महिन्याला तीनशे युनिट ओलांडली की पुढच्या युनिटचा दर चढतो, पाचशेच्या पुढे आणखी. उन्हाळ्यात दोन खोल्यांचे एसी रात्रभर चालले की हे टप्पे आपण कधी ओलांडले ते कळतही नाही. माझा एसी पाच तारांकित आहे आणि तो इमानदारीने काम करतो. तो थंड करतो ती खोली असल्याचे मी समजत होतो. प्रत्यक्षात तो बिल्डरचा स्लॅब थंड करतो आहे.

यावर शेवटचा उपाय म्हणून सोसायटीच्या सभेत टेरेसवर इन्सुलेशन करून घ्यावे असा ठराव मी मांडला. कोटेशन आणले होते, नकाशावर क्षेत्र मोजून दिले होते. टेरेस सर्वांच्या मालकीची आहे, गळती झाली तर दुरुस्ती सर्वांच्या वर्गणीतून होते, दिवाळीला रोषणाई आणि कोजागिरीला दूध तिथेच सर्वजण पितात. उष्णतेचा विषय निघाला तेव्हा मात्र खालच्या मजल्यावरच्या एका सभासदाने, ज्यांच्या घरी मे महिन्यातही दुपारी पंखा पुरतो, असे मत मांडले की फायदा फक्त वरच्या मजल्याचा होणार असल्याने खर्चही वरच्यांनीच करावा, आणि त्याला अनुमोदनही मिळाले. बिल्डरकडे पाच वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी दाखवून पत्र पाठवले, तर स्लॅबला तडा नाही, गळती नाही, त्यामुळे दोष नाही, असे लेखी उत्तर आले. खाली एक ओळ जोडली होती: आमच्या पुढच्या प्रकल्पात टॉप फ्लोअरच्या बुकिंगवर विशेष सवलत आहे.