इथला राजा आणि तिकडचे साहेब

आमच्या फॅमिली ग्रुपवर मागच्या आठवड्यात काकांनी लिहिलं की अरे, तुमच्या हॉलंडमध्ये राजा आहे म्हणून सगळं शिस्तीत चालतं, आपल्याकडे पण एक खमक्या राजा पाहिजे होता, सगळे सुतासारखे सरळ झाले असते. खाली सिंहस्थासाठी खोदून ठेवलेल्या कुठल्यातरी रस्त्याचा फोटो आणि त्यावर पटापट अंगठे. काका रिटायर्ड मास्तर, त्यांना ग्रुपवर उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. पण विषय डोक्यातून जाईना, कारण हे फक्त काकांचं मत नाहीये, नाशिकला गेलो की रिक्षावाल्यापासून मित्राच्या सासऱ्यापर्यंत कोणीतरी हे बोलतंच.

मी ॲमस्टरडॅमला चिकटून असलेल्या ॲमस्टेलवेनमध्ये राहतो, जिथे आता शनिवारी बाजारात मराठी ऐकू येणं हे नवल राहिलेलं नाही. तर इथला राजा, विलेम-अलेक्झांडर, करतो काय? दर सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी हेगमध्ये सिंहासनावर बसून सरकारचा पुढच्या वर्षाचा प्लॅन वाचून दाखवतो, आणि तो कागद मंत्र्यांनी लिहिलेला असतो, त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायची सोय त्याला नाही. कायद्यांवर सही करतो. परदेशी पाहुण्यांना जेवू घालतो. आणि हो, विमान चालवतो, हे खरंय, केएलएम या इथल्या विमान कंपनीत महिन्यातून एकदोनदा को-पायलट म्हणून जायचा, वीसेक वर्षं जात होता, २०१७ मध्ये त्याने स्वतःच हे नीट सांगितलं. काकांना हे फार आवडेल. पण देश चालवणं वेगळं आणि बोईंग चालवणं वेगळं.

२०२१ ची निवडणूक झाल्यावर इथे नवीन सरकार बनायला २९९ दिवस लागले. जवळजवळ दहा महिने! खमक्या राजा काही करू शकला का? नाही, कारण २०१२ मध्येच संसदेने सरकार बनवण्याच्या वाटाघाटीतून राजघराण्याला बाहेर काढलं, आधी निदान मध्यस्थ कोण ते तेव्हाची राणी ठरवायची, आता तेही संसद ठरवते. आणि त्या दहा महिन्यांत कचरा वेळेवर उचलला, ट्राम आल्या, पाण्याचे पंप चालू राहिले. पाण्याचं सांगायलाच पाहिजे, कारण देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि बांध, कालवे, पंप हे सगळं बघायला इथे पाणी मंडळं आहेत, काही तेराव्या शतकापासूनची, म्हणजे या राजघराण्याच्या राजेपदापेक्षा कितीतरी जुनी. त्यांची वेगळी निवडणूक होते, वेगळा टॅक्स असतो, घरी वेगळं बिल येतं. माझ्या मते हॉलंडची शिस्त म्हणतात ती तिथे आहे, राजवाड्यात नाही.

गंमत म्हणजे हे लोक मुळात राजाला हाकलून देऊन देश झालेले आहेत. २६ जुलै १५८१ ला त्यांनी स्पेनच्या फिलिपला जाहीर सांगितलं की प्रजा राजासाठी नसते, राजा प्रजेसाठी असतो, तू नीट वागत नाहीस तर तू आमचा राजा नाहीस. मग दोनशे वर्षं प्रजासत्ताक. राजा आला तो १८०६ मध्ये, तोही नेपोलियनने आपल्या भावाला आणून बसवला म्हणून, आणि सध्याच्या ऑरेंज घराण्याला राजेपद मिळालं ते १८१५ मध्ये. आपल्याकडे पेशवाई बुडाली १८१८ ला. म्हणजे आपल्याकडे एक गादी जात होती तेव्हा यांच्याकडे नवी कोरी येत होती, आणि आज आपण यांच्याकडे बघून म्हणतो की बघा, किती जुनी परंपरा जपली आहे.

मग टिकला कसा हा राजा? दर वेळी थोडं थोडं सोडत गेला म्हणून टिकला. १८४८ ला युरोपभर राजांच्या खुर्च्या हलायला लागल्या तेव्हा दुसऱ्या विलेमने एका रात्रीत मत बदललं म्हणतात, नवीन राज्यघटना मान्य केली, कारभाराची जबाबदारी मंत्र्यांवर गेली. तेव्हा काकांचं उलटं आहे, राजा आहे म्हणून देश चांगला असं नाही, लोकांनी आणि संसदेने राजाला हळूहळू रिकामा केला म्हणून तो अजून खुर्चीवर आहे. ज्यांनी रिकामं व्हायला नकार दिला त्यांचं काय झालं ते बघायला फार लांब जायची गरज नाही, नेपाळ आहे की, २००८ मध्ये राजेशाहीच गेली. आता तिथे काठमांडूत राजा परत आणा म्हणून मोर्चे निघतात, पण ते राजाच्या प्रेमापेक्षा नेत्यांवरच्या रागातून जास्त, असं मला वाटतं. आमच्या ग्रुपवर पण तेच चालू आहे.

आता एक गोष्ट काकांच्या बाजूची. कोल्हापूरचे शाहू महाराज बघा, बडोद्याचे सयाजीराव बघा, असं म्हटलं की आपण सगळे गप्प होतो, आणि व्हायलाच पाहिजे. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या समाजांसाठी ठेवल्या, २६ जुलैलाच, योगायोग बघा. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९१३ मध्ये ज्या तरुणाला अमेरिकेत शिकायला स्कॉलरशिप दिली तोच पुढे १९३० ला आपल्या नाशकात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करून उभा राहिला. पण हे दोघं गादीवर आले कसे? शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे, १८८४ ला दत्तक गेले. आणि सयाजीराव तर आपल्याच जिल्ह्यातले, मालेगावजवळचं कौळाणे, शेतकऱ्याचं पोर, नाव गोपाळ, लिहिता वाचता येत नव्हतं. १८७५ ला बडोद्याचे तेव्हाचे राजे मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून काढलं, त्यांच्या विधवा भावजय जमनाबाईंनी दत्तक घ्यायचं ठरवलं, भावाभावांमधून या बारा वर्षांच्या पोराला निवडलं आणि मग सहा वर्षं मास्तर लावून घासून पुसून शिकवलं. मल्हारराव मात्र थेट वारसाहक्काने आलेले, भावानंतर भाऊ. म्हणजे आपण ज्यांची नावं अभिमानाने घेतो ते राजे बघून, निवडून, शिकवून आणलेले होते. आणि शिवाजी महाराजांचं नाव निघालं तर त्यांनी गादी उभी केली, आयती मिळाली नव्हती. राजघराणं पाहिजे म्हणणाऱ्यांनी ही उदाहरणं देऊ नयेत, ती सगळी जन्माच्या हक्काच्या विरोधात जातात. संस्थानं साडेपाचशेच्या वर होती, उरलेल्या राजांची नावं घ्या म्हटलं तर चारपाचाच्या पुढे आपली गाडी जात नाही.

मी नाशिकरोडचा, त्यामुळे राजा जातो म्हणजे काय होतं हे आमच्या घरात थोडं वेगळ्या बाजूने माहिती आहे. आजोबा प्रेसमध्ये होते, करन्सी नोट प्रेस. १९२८ ला ती सुरू झाली, त्याआधी नोटा इंग्लंडहून छापून यायच्या, आणि पहिल्यापासून नोटेवर राजाचं तोंड, आधी पाचवा जॉर्ज, मग सहावा. पुष्कळांच्या लक्षात नसतं की १५ ऑगस्ट १९४७ नंतरही २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री सहावा जॉर्ज आपला राजा होताच. १९४९ मध्ये एक रुपयाच्या नोटेवर अशोकस्तंभाचे सिंह आले. आजोबा सांगायचे की नोटेवरचं तोंड गेलं तरी भोंगा त्याच वेळेला वाजायचा आणि गेटवरची झडती तशीच कडक होती. संस्थानिकांचंही तसंच, सुरगाणा हे आपल्याकडचं संस्थान, आज तालुका आहे, कोणाचं काही अडलं नाही. तनखे मात्र राहिले १९७१ पर्यंत, आणि त्यात काय काय होतं, सौराष्ट्रात कटोडियाच्या संस्थानिकाला वर्षाला १९२ रुपये! सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते बंद झाले आणि आपण म्हणालो, संपली राजेशाही.

संपली का खरंच? मी सुट्टीत घरी येतो तेव्हा बिटको चौकापासून घरापर्यंत फ्लेक्स मोजत येतो. साहेबांचा वाढदिवस, साहेबांच्या चिरंजीवांचा वाढदिवस, आणि चिरंजीव अजून कॉलेजात असले तरी खाली 'युवा नेतृत्व'. सून उभी राहते, पुतण्या उभा राहतो, एका घरातले दोघं दोन पक्षांत जाऊन एकमेकांविरुद्ध लढतात आणि कोणीही जिंकलं तरी सत्ता घरातच. कुठल्या एका पक्षाचं नाव घेत नाही, कारण मग बाकीचे पक्षवाले खूश होतील आणि तसं खूश व्हायला कोणालाच जागा नाहीये.

इथल्या राजघराण्यावर काय काय बंधनं आहेत ते ऐका म्हणजे फरक कळेल. राजाला वर्षाला दहा लाख युरोच्या वर पगार, त्यावर इन्कम टॅक्स नाही, यावरून दर वर्षी बोंबाबोंब होते पण निदान आकडा बजेटमध्ये छापलेला असतो. गादीच्या वारसाला लग्न करायला संसदेची मंजुरी लागते. राजाच्या सख्ख्या भावाने, फ्रिसोने, २००४ मध्ये ती न घेता लग्न केलं आणि वारसाहक्क गमावला. आत्ताची राणी मॅक्सिमा अर्जेंटिनाची, तिचे वडील तिथल्या लष्करी राजवटीत मंत्री होते, तर २००२ मध्ये मुलीच्या लग्नाला ते येऊ शकले नाहीत. मुलीच्या लग्नाला! राजाच्या आजोबांचं नाव १९७६ ला लॉकहीड विमान कंपनीच्या लाच प्रकरणात आलं तेव्हा त्यांना लष्करी पदं सोडायला लागली आणि युनिफॉर्म घालायला बंदी आली. २०२० मध्ये कोरोनाच्या बंधनांत राजा सुट्टीला ग्रीसला गेला, लोक भडकले, दुसऱ्या दिवशी परत, आणि मग व्हिडिओवर माफी. शिवाय म्हातारं झालं की उठतात, १९४८ ला विल्हेल्मिना, १९८० ला युलियाना, २०१३ ला बिआट्रिक्स, तिघींनी जिवंतपणी गादी सोडली. आपल्याकडे ऐंशीचे साहेब अजून पुढची टर्म म्हणतात.

हे सगळं बघून मी राजेशाहीवाला झालो असं समजू नका. माझं म्हणणं एवढंच, की घराण्याला आवर घालायचे नियम यांनी केले, आपण फक्त घराण्याचं नाव काढून टाकलं आणि नियम करायचे राहिले. तिकिटं कशी वाटायची, एका घरात किती पदं, कुठेच काही नाही.

राजाच्या बाजूने मला पटलेली एकच गोष्ट आहे. ४ मे ला इथे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत रात्री आठ वाजता दोन मिनिटं सगळा देश थांबतो. २०२० ला लॉकडाऊन होता, ॲमस्टरडॅमचा डाम चौक रिकामा, आणि राजाने तिथे बोलताना सांगितलं की ज्यूंना तेव्हा एकटं पडल्यासारखं वाटलं, लंडनमधून सुद्धा (युद्धात राणी आणि सरकार तिथे गेलं होतं) साथ मिळाली नाही, माझ्या पणजीकडूनही नाही. विल्हेल्मिना राणी म्हणजे युद्धकाळातली इथली दैवत. तिच्याबद्दल हे तिच्या पणतूने बोलणं आणि एखाद्या पुढाऱ्याने बोलणं यात फरक पडतो, पुढाऱ्याला लगेच विचारलं असतं की तुझा पक्ष तेव्हा काय करत होता. २०२३ ला गुलामगिरीबद्दल माफी मागितली तेव्हाही तसंच. घराण्याने घराण्याचं कर्ज फेडलं. पण त्यासाठी पिढ्यान् पिढ्या राजा सांभाळायचा का? मला नाही वाटत.

आणि दुसरी बाजू त्या पोरीची आहे, अमालिया, राजाची थोरली. अठरा झाल्यावर मिळणारा भत्ता तिने शिकत असताना नको म्हणून पंतप्रधानांना पत्र लिहिलं, चांगली वाटली. पुढे ॲमस्टरडॅमला इतर पोरींबरोबर राहायला गेली आणि धमक्यांमुळे तिला ते सोडून घरी यायला लागलं, मग काही काळ माद्रिदमध्ये राहून शिकली. तिला कोणी विचारलं नव्हतं की तुला राणी व्हायचंय का. आमची मुलगी तिच्याहून लहान आहे, ती आत्ता म्हणते पशुवैद्य होणार, उद्या म्हणेल नाही, आणि ते चालतं.

उद्या इथे मतदान घेतलं तर मी राजा नको यावर शिक्का मारेन, पण माझा पासपोर्ट अजून भारतीय, त्यामुळे संसदेला मला मत नाही, पाच वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला फक्त महापालिकेला आणि पाणी मंडळाला मत देता येतं. नाशिकला मत आहे पण त्यासाठी विमानाने जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, इथून देता येत नाही. तेव्हा सध्या माझ्या हातात ॲमस्टेलवेनची महापालिका आहे, जिथे राजाचा विषय निघत नाही, झाडं, पार्किंग आणि भूमिगत कचऱ्याचे डबे कोणाच्या दारासमोर यावरून भांडणं होतात, आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डब्याबद्दल मी कडक शब्दात पत्र दिलेलं आहे.