केबल नीट बसलीये का, सर?

महापेच्या एमआयडीसीत बसून आम्ही सेन्सरचे डबे बनवतो. आत विकतचा कंट्रोलर बोर्ड. वाय-फायने डेटा पाठवायला घेतला की त्याचा ३.३ व्होल्टचा सप्लाय क्षणभर खाली बसतो आणि बोर्ड ब्राउनआउट होऊन, म्हणजे व्होल्टेज कमी पडून, रीसेट. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, खड्डा आंधळ्यालाही दिसेल असा.

बोर्डवाल्या कंपनीकडे केलेल्या तक्रारीत सगळं दिलं. स्कोपचा स्क्रीनशॉट, फर्मवेअरची (बोर्डातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, ११५२०० बॉडच्या वेगाने घेतलेला सीरियल लॉग (बोर्डाने स्वतः पाठवलेल्या नोंदी), रीसेटचं कारण नोंदवणाऱ्या, चिपमधल्या रजिस्टरची व्हॅल्यूसुद्धा. उत्तर काय? "सर, केबल नीट बसलीये का?" मग "फर्मवेअर अपडेट करा." अरे बाबा, फर्मवेअर अपडेट केल्याने बोर्डावर तो खड्डा भरून काढणारा कपॅसिटर उगवतो का? मग "लॉग पीडीएफमध्ये पाठवा." का? छापून फ्रेम करणार आहात?

फोन करणाऱ्या पोराचा दोष नाही, त्याच्यासमोर प्रश्नांचा कागद आहे आणि तो संपेपर्यंत त्याला पुढे सरकता येत नाही. पण ज्याला स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, वाचता येतं असा एक तरी माणूस त्या कंपनीत असेलच ना? त्याच्यापर्यंत आमचं काही पोचतच नाही. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा.

आणि फोन येतो कधी? मी कोपरखैरणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत घामाघूम उभा असताना. "सर, बोर्ड आत्ता समोर आहे का?" नाही म्हटलं. संध्याकाळी मेल: ग्राहकाकडून सहकार्य न मिळाल्याने तक्रार बंद. वर विचारतात, आमच्या सेवेला किती स्टार द्याल?