पहाटेची हवा गार असते, शुद्ध असतेच असं नाही

‘सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार) किंवा जुना दमा असणाऱ्यांनी पहाटे पाचला तासभर चालावं, तेव्हा हवा सर्वांत शुद्ध असते. कडक उन्हाने छाती मोकळी होते. घरात चार कुंड्या ठेवा, विषारी वायू त्या शोषतात.’ हा मजकूर कित्येक वर्षं या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये फिरतोय. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, म्हणून तर कुणी उलट विचारत नाही.

आधी पहाटेचं बघू. रात्री जमीन निवते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होते, आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. वाराही पडलेला असतो. मग आदल्या दिवसाचा गाड्यांचा, शेकोट्यांचा धूर वर जाणार कुठून? तो नाकाच्या उंचीवरच साचतो. थंडीत हे जास्त. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये असंच झाकण पाच दिवस हललं नाही. मृतांचा पहिला अंदाज सुमारे ४,००० होता, नंतरच्या अभ्यासात तो १२,००० पर्यंत गेला. छातीचं जुनं दुखणं असलेले त्यात बरेच होते.

गारवा नाकाला बरा वाटतो आणि आपण त्यालाच शुद्धता समजतो. हवेतले ‘पीएम २.५’ नावाचे प्रदूषणाचे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात. ते सुटे दिसत नाहीत. शिवाय थंड, कोरडी हवा प्रदूषण नसतानाही आधीच सुजलेल्या श्वासनलिका आवळते.

कडक उन्हाचं उलटंच आहे. धुरातल्या वायूंवर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन हा श्वासनलिकांना झोंबणारा वायू तयार होतो आणि दुपारी तो वाढतो. उकाड्यात श्वास जलद होतो. सीओपीडीत आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, तोवर पुढचा श्वास घ्यावा लागतो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर कठडा धरून, शीळ घालावी तसे ओठ करून हळूहळू श्वास सोडणारा माणूस पाहिलाय ना? त्याची ही कसरत असते.

कुंड्यांची गोष्ट नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून आली. ती झाडं बंद पेटीत होती, राहत्या घरात नव्हती. घराच्या साध्या वायुवीजनाशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा हिशेब २०१९ च्या एका आढाव्यात आहे. मग माणसाने बसायचं कुठे? सतत ओल्या मातीत बुरशी धरते, ती वेगळीच.

चालावं, हे मात्र खरं. बसून राहिलं की पायांची ताकद जाते आणि थोड्याशा चालण्यानेही धाप लागते. फक्त वेळ बदला: हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) बघून, कोवळं ऊन पडल्यावर. आकडा वाईट असेल तर फेऱ्या घरातच घाला, आणि त्या दिवशी तळण आणि डासांची कॉइल, दोन्हींना सुट्टी.