मुक्काम ठरवताना तिथीही बघा

तुमच्या लेखात कोकण किनाऱ्यावर रेवदंड्यापासून रेडीपर्यंत सागरी मार्गाने फोटो काढत जायचा बेत झकास आहे, पण मुक्काम नुसते किलोमीटर मोजून ठरवलेत. आम्हा यवतमाळातल्या दारव्ह्याकडच्या लोकांना समुद्र लांब. कापूस वेचणी उरकल्यावर निघायचं, तर तिथी बघूनच निघावं. अमावास्या-पौर्णिमेला कोकणात भरती दुपारच्या सुमारास असते अन् सूर्य बुडायच्या वेळी ओहोटी. ओल्या वाळूत आभाळ उतरल्याचे फोटो मिळतात ते तेव्हाच. अष्टमीला सारं उलटं, संध्याकाळी पाणी पार खडकांपर्यंत. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कालनिर्णय तर घराघरात असतंच.

किनारा पश्चिमेचा, म्हणून समुद्रातून उगवता सूर्य मिळायचा नाही. सकाळचं ऊन पाठीमागून येतं, तेव्हा रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या वरच्या रस्त्यावरून निळं पाणी टिपावं. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे गाडी फेरीबोटीत चढते, मोठा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ तेवढी आधी विचारा.

अन् बाप्पा, खाऱ्या वाऱ्यात लेन्स कोरड्या फडक्याने घासू नका, आधी वाळू फुंकणीने उडवा!